गोंग शेवटी वाजतो

इंडोनेशियाच्या वकिलातीच्या दारातून मी पहिल्या खेपेला परत फिरले ती एका शिक्क्यापायी. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मिरजेहून मुंबईला आले होते. पिशवीत पासपोर्ट, फोटो, तिकीट, जावामधून आलेलं हमीपत्र, सगळं होतं. बँकेचं स्टेटमेंट मात्र मी घरच्या प्रिंटरवर छापलेलं. त्यावर बँकेचा शिक्का आणि सही हवी, हे यादीत स्वच्छ लिहिलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी शांतपणे कागद परत सरकवला. २२ जानेवारी २०१९, मंगळवार. संध्याकाळच्या गाडीने परत मिरज. आईने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "शिक्का राहिला." ती म्हणाली, "मग जेवून घे."

हे सगळं इतक्या वर्षांनी लिहायचं कारण असं की, मागच्या महिन्यात दोघींनी स्वतंत्रपणे विचारलं, गामेलान (जावाकडचा काशाच्या वाद्यांचा वृंद) शिकायला इंडोनेशियात कसं जायचं. दोघींना एकच लांबलचक मेसेज पाठवला, तोच इथे नीट करून टाकतेय. यातले दर आणि नियम २०१९ चे आहेत, हे आधीच सांगते. व्हिसाचं बरंच काम आता ऑनलाइन झालंय. तेव्हा आकडे जसेच्या तसे घेऊ नका, क्रम घ्या.

मुळात मी तिकडे वळले ती केसरबाईंमुळे. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीत गेली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. एका रात्री सहज बघितलं की त्या तबकडीवर बाईंच्या शेजारी आणखी कोण आहे. तर जावाच्या दरबारी गामेलानची एक रचना: 'केतावांग पुष्पवर्ना'. नावच ओळखीचं, पुष्प आणि वर्ण. ऐकायला लागले. काशाच्या भांड्यांवर कुणी संथपणे पाऊस पाडावा तसा आवाज, मधेच एक खोल, पोटात उतरणारा ठोका. चौदा वर्षं तबला शिकलेली बाई मी, नोकरी हिशेबाची. बोटांवर मोजायला बसले आणि मला सम, म्हणजे तालाच्या आवर्तनातली पहिली, वजनाची मात्रा, सापडेना. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही.

इंडोनेशिया सरकारची 'दर्मासिस्वा' नावाची शिष्यवृत्ती आहे, १९७४ पासून चालू. परदेशी मुलं तिथे जाऊन भाषा, नाच, संगीत शिकतात. तरुण असाल आणि वर्ष मोकळं असेल तर आधी तीच बघा. मी वयाच्या अटीत बसत नव्हते, आणि ऑफिसने बिनपगारी रजा दिली ती पाचच महिन्यांची. मग दुसरा रस्ता: सामाजिक-सांस्कृतिक भेटीचा व्हिसा. तेव्हा त्याला बी-२११ म्हणत. आधी ६० दिवस मिळायचे आणि तिथल्या इमिग्रेशन कचेरीत दर वेळी ३० दिवस वाढवून घेता यायचे, जास्तीत जास्त चारदा. अट एकच, इंडोनेशियातला हमीदार हवा. त्याचं पत्र हवं आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत हवी.

हमीदार शोधण्यात नोव्हेंबर आणि डिसेंबर गेले. मध्य जावातल्या सोलो शहरात (कागदोपत्री नाव सुराकार्ता) गामेलान शिकवणारी छोटी-मोठी 'सांगार' आहेत. सांगार म्हणजे आपल्याकडच्या गायन-वादनाच्या क्लाससारखं, बहुतेक गुरुजींच्या घरच्या ओसरीवर भरणारं. सहा ठिकाणी इंग्रजीत ईमेल केली. एकाचंही उत्तर नाही. मग मोबाइलच्या मदतीने मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये तीच विनंती लिहिली आणि व्हॉट्सअॅपवर पाठवली, तर एका सांगारमधून दुसऱ्याच दिवशी उत्तर: "सिलाकान, म्बाक." या ना, ताई. तेव्हा पहिला सल्ला हा की ईमेलची वाट बघत बसू नका. आणि दुसरा, हमीपत्रावर 'मतेराइ' नावाचं महसुली तिकीट चिकटवलेलं असतं आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर यावी लागते. आपल्या रेव्हेन्यू स्टँपसारखंच. तेव्हा ते ६,००० रुपियाचं होतं, २०२१ पासून १०,००० चं झालं. पत्राचा फोटो आला की आधी तिकडे बघा.

दुसऱ्या खेपेला, २८ जानेवारीला, शिक्का मारलेल्या स्टेटमेंटसकट अर्ज घेतला गेला. फी साडेतीन हजारांच्या आसपास. आठवड्याभरात पासपोर्ट हातात. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट २८ हजार, क्वालालंपूरमार्गे योग्याकार्ता. तिथल्या विमानतळाला लागूनच रेल्वेचं स्टेशन होतं, तिथून सोलोला जाणारी लोकल ८,००० रुपिया, म्हणजे आपले चाळीस रुपये. मनातल्या मनात दोनशेने भागत राहायचं, हिशेब जमतो. १२ फेब्रुवारीला दुपारी सोलो बालापान स्टेशनवर उतरले तेव्हा धो धो पाऊस होता आणि माझ्याकडे छत्री सोडून सगळं होतं.

खोली मिळाली केंटिंगानला, इन्स्टिट्यूट सेनी इंडोनेशिया, म्हणजे तिथल्या कलाविद्यापीठाच्या मागच्या गल्लीत. १९६४ साली गामेलानची अकादमी म्हणून निघालेली ही संस्था. आजूबाजूच्या घरांतून दिवसभर कुठे ना कुठे कुणी तरी वाजवत असतं. 'कोस' म्हणजे भाड्याची खोली: महिना ७ लाख रुपिया, एक गादी, एक पंखा, आणि न्हाणीत पाण्याचा हौद नि तांब्यासारखा प्लास्टिकचा डबा. हौदात उतरायचं नसतं, डब्याने अंगावर पाणी घ्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेजारच्या फ्रेंच मुलीला मात्र शिकवावं लागलं. मालकीणबाईंना सगळे 'इबू कोस' म्हणत. त्या मला सकाळ-संध्याकाळ विचारायच्या, "सुदाह माकान?" जेवलीस का? आईचा फोन आला की तीही तेच विचारायची.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: 'तरासी'. सुकवलेल्या कोळंबीचा खर्डा तो. दिसत नाही, पण चटणीत असतोच. "तान्पा तरासी" म्हणायचं, तरासीशिवाय. बाकी तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या भाज्यांचं 'पचेल', यावर पाच महिने मजेत निघतात. दिवसाला ६० हजार रुपियात दोन्ही वेळचं भागायचं.

पहिला धडा १४ फेब्रुवारीला. गुरुजींना सगळे 'पाक गुरू' म्हणायचे. 'गुरू' हा शब्द तिथेही गुरूच आहे. नुसतं 'पाक' म्हटलं तरी चालतं, आपल्या 'काका' आणि 'सर' यांच्या मधलं काहीतरी. साठीचा माणूस, बारीक, सतत हसरा. ओसरीवर अख्खा संच मांडलेला. चपला बाहेर, मांडी घालून बसायचं, आणि वाद्य ओलांडायचं नाही. कितीही अडचण असली तरी वळसा घालून जायचं. तबल्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातली मी, मला यात नवीन काही वाटलं नाही. मोठ्या गोंगाला (टांगलेली काशाची जाड थाळी) दर गुरुवारी संध्याकाळी फुलं वाहायचे. मोठ्या संचांना नावं असतात, नावाआधी 'क्याही' ही मानाची उपाधी लावतात. मांकुनगरान राजवाड्यातल्या संचाचं नाव क्याही कान्युत मेसेम.

मला सारोन दिलं. लाकडी घोड्यावर काशाच्या जाड पट्ट्या, उजव्या हातात लाकडी हातोडी. पाच मिनिटांत वाटलं, हे तर सोपं आहे. मग पाकांनी माझा डावा हात धरला आणि पट्टीवर ठेवला. पट्टी वाजली की ती घुमत राहते, दुसरी वाजवली की दोन्ही एकमेकींत मिसळतात, सगळा चिखल. म्हणून उजव्या हाताने नवी पट्टी वाजवायची त्याच क्षणी डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मागची पट्टी चिमटीत धरून बंद करायची. आधी नाही, नंतर नाही. आधी केलं तर सूर तुटतो, नंतर केलं तर राड. म्हणजे डावा हात कायम उजव्याच्या एक सूर मागे चालत असतो. याला 'मिथेत' म्हणतात. एकच सूर दोनदा आला की आणखी घोळ. पहिले दहा दिवस मी घरी जेवणाच्या टेबलावर दोन हातांनी हेच करत बसायचे आणि इबू कोस काळजीने बघायच्या.

सुरांचं मात्र लवकर जमलं. स्लेंड्रो नावाच्या पद्धतीत पाच सूर, पेलोगमध्ये सात. लिहितात आकड्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सोलोतच ही लिपी रुळली. वरच्या सप्तकाला आकड्यावर टिंब, खालच्याला आकड्याखाली टिंब, अगदी भातखंड्यांच्या पुस्तकासारखं. स्लेंड्रोत १, २, ३, ५, ६ असे सूर. ४ नाहीच. का नाही, असं मी विचारलं तर पाक म्हणाले, "गरज पडली नाही." गाताना आकड्यांची जावानीज नावं छाटून म्हणायची: जी, रो, लू, मा, नेम. हार्मोनियम किंवा ट्यूनरचं अॅप घेऊन जाऊ नका, काही जुळत नाही. प्रत्येक संच आपल्यापुरता लावलेला असतो. एका संचातली पट्टी उचलून दुसऱ्यात घातली तर ती बेसूर.

एका रविवारी सुकोहार्जो जिल्ह्यातल्या विरुन गावी भट्टी बघायला गेलो. तिथे गोंग घडवतात. दहा भाग तांबं आणि तीन भाग कथील. काशाला तिथे 'गांग्सा' म्हणतात, आणि तो शब्द 'तिगा' (तीन) नि 'सदासा' (दहा) यांतून आला असं लोक गमतीने सांगतात. खरं तर तो आपल्या 'कांस्य'चाच भाऊ. घरात पाय घासायची काशाची वाटी असते ना, तोच धातू. लालभडक असतानाच ठोकायचा, थंड झाल्यावर ठोकला तर तडकतो. म्हणून भट्टीच्या खोलीत मुद्दाम अंधार ठेवतात, धातूचा रंग कळावा म्हणून. पट्टी मधे कानसली की सूर उतरतो, टोकांना कानसली की चढतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढलेल्या माणसाला अशा ठिकाणाहून उठवत नाही. आमच्याबरोबरची मंडळी बाहेर येऊन तासभर माझी वाट बघत होती.

आता सम. मार्चमध्ये पाकांनी मला साप्ताहिक सरावात गोंगावर बसवलं. रचना होती लाद्रांग विलुजेंग. लाद्रांगमध्ये ३२ ठोक्यांचं आवर्तन, गोंग एकदाच. मला वाटलं, सोपं काम दिलंय, बत्तीसमधून एक ठोका. मी तीनतालाची दोन आवर्तनं धरली, सोळा दुणे बत्तीस, आणि ऐटीत समेवर, म्हणजे पुढच्या 'एक'वर गोंग दिला. सगळ्या बायाबापड्यांच्या माना एकदम वळल्या. एक ठोका उशीर. पुन्हा केलं, पुन्हा उशीर. कुणी रागावलं नाही, रबाब (तिकडचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारे आजोबा नुसते खुदकन हसले. पाक म्हणाले, "म्बोतेन नोपो-नोपो." काही हरकत नाही. आणि मला परत सारोनवर बसवलं.

त्या रात्री घरी आईला फोन केला नाही.

२ एप्रिलला पहिली मुदतवाढ. १२ एप्रिलला माझे ६० दिवस संपणार होते आणि १७ ला तिथे सार्वत्रिक निवडणूक, म्हणून दहा दिवस आधीच गेले. सोलोची इमिग्रेशन कचेरी विमानतळाच्या रस्त्यावर कोलोमादूला आहे. पाक गुरू हमीदार म्हणून स्वतः आले, इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून, मला मोटरसायकलवर मागे बसवून. कपड्यांचं सांगते: बाह्या असलेला कुर्ता, पाय झाकलेले, पायात बूट किंवा बंद चपला. चड्डीवर आलेल्या एका गोऱ्या मुलाला माझ्यासमोर दारातून परत जावं लागलं. आत फॉर्म आणि फाईल घ्यायची, पासपोर्टच्या पहिल्या पानाची, व्हिसाच्या पानाची आणि आगमनाच्या शिक्क्याच्या पानाची प्रत, हमीपत्र नव्या मतेराइसकट, हमीदाराच्या ओळखपत्राची प्रत. काळ्या शाईचं पेन आपलं आपण न्या. दोरीला बांधलेलं पेन सगळीकडे सारखंच असतं.

टोकन मिळालं तेव्हा आमच्यापुढे बरेच जण होते. पाकांनी घड्याळ बघितलं नाही. माझी फाईल उलटी करून मांडीवर ठेवली आणि बोटाने त्यावर ठोका धरून हळूच गायला लागले: रो जी रो लू, रो जी रो नेम. मग म्हणाले, चार ठोक्यांत मोठा कुठला? मी म्हटलं, पहिला. ते म्हणाले, नाही, चौथा. पहिला सगळ्यात हलका, तो नुसता निघालेला असतो. दुसरा जरा जड, तिसरा हलका, चौथा पोचतो. असे दोन चार मिळाले की आठवा आणखी जड, तिथे केनोंग (आडवा ठेवलेला, भांड्यासारखा गोंग) वाजतो. असे चार केनोंग झाले की बत्तिसावा सगळ्यात जड. तिथे गोंग. त्यानंतरचा 'एक' हा नवा नाही, रिकामा आहे.

तशी आपली समही शेवटच आहे की. तिहाई समेवरच संपते, मुखडा समेवरच टेकतो. फक्त मोजताना आपण तिला 'एक' म्हणतो, आणि हे लोक तिला 'बत्तीस' म्हणतात. जागा तीच, नाव दुसरं. हे बाकावर बसल्या बसल्या मला एकदम दिसलं आणि मी तिथेच जोरात "हां!" म्हटलं. शेजारच्या बाई दचकल्या. पाक परत पहिल्यापासून गायला लागले, मी बत्तिसाव्याला फाईलवर तळहात टेकवायचा. चुकले, बरोबर आलं, चुकले, बरोबर. मग ते म्हणाले, आता थोडा उशिरा. बरोबर बत्तिसाव्यावर नाही, सगळे पोचले की मग, केसभर मागून, घरातला मोठा माणूस पंगतीला सगळ्यात शेवटी बसतो तसा. (पंगत माझी, त्यांचा दाखला राजाच्या मिरवणुकीचा होता.) तीन तास गेले. आमचा नंबर पुकारला तेव्हा आम्ही एकविसाव्या ठोक्यावर होतो आणि पाकांनी हात वर करून आधी आवर्तन पुरं केलं. मग उठलो.

मुदतवाढीला एकूण तीन हेलपाटे पडले: अर्ज, मग फोटो-बोटांचे ठसे आणि दोन-चार प्रश्न, मग पासपोर्ट परत. प्रश्न साधे होते. काय शिकता, कुठे राहता, काम करता का. काम करत नाही, हे ठामपणे सांगायचं, कारण या व्हिसावर पैसे मिळवायला मनाई. फी ३,५५,००० रुपिया, कचेरीतून चिठ्ठी घेऊन बँकेत भरायची.

दुसऱ्या मुदतवाढीला माझा लोभ नडला. २९ एप्रिल हा जागतिक नृत्य दिन. त्या दिवशी कलाविद्यापीठात 'चोवीस तास नाच' असतो, सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. काही नर्तक पूर्ण चोवीस तास नाचतात, बाकी गट येत-जात राहतात. जावाच्या दरबारी नाचात बाई हात उचलते तेव्हा मनगट आधी निघतं की बोटं, हे शेवटपर्यंत कळत नाही, इतकं ते सावकाश. आणि लगेच त्यानंतर सुमात्राची पोरं मांड्या नि छात्या बडवत आली. मला त्या आठवड्यात कुठेही जायचं नव्हतं. पाक म्हणत होते, आधी जाऊन ये. मी ३० तारखेला, न झोपलेल्या डोळ्यांनी, कचेरीत गेले. पैसे भरायची चिठ्ठी मिळाली ६ मे रोजी, आणि ३ मेपासून फी ५,००,००० झालेली. पाकिटात मोजून ३,५५,००० आणले होते. मुदत उलटून राहिल्यास दंडही त्याच दिवसापासून दिवसाला ३ लाखांवरून १० लाख रुपिया. माझी मुदत उलटली नाही, पण तो आकडा भिंतीवर वाचल्यावर मी तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहायला लागले.

६ मे रोजीच रमजान सुरू झाला. कचेऱ्यांच्या वेळा कमी होतात, दुपारनंतर गेलात तर दार लावलेलं. दिवसा जेवणाच्या गाड्यांवर पडदे लावतात, पडद्याखालून नुसते पाय दिसतात. पहाटे तीनला गल्लीतली पोरं डबे बडवत सगळ्यांना उठवायची. त्यांची लय मात्र चांगली होती. सगळ्यात महत्त्वाचं: ईदची मोठी सुट्टी. २०१९ ला ईद ५ जूनला होती आणि पूर्ण आठवडा सरकारी कामकाज बंद. माझी मुदत ११ जूनला संपत होती, म्हणजे सुट्टीनंतर हातात जेमतेम दोन दिवस. या वेळी शहाणी झाले होते, २० मे रोजी अर्ज दिला आणि २९ मे रोजी पासपोर्ट घेऊन आले. तुम्ही जाल तेव्हा ईद कधी आहे ते तिकीट काढायच्या आधी बघा.

ईदला अख्खं कोस रिकामं झालं, सगळे गावी. मी आणि हौदातलं पाणी. इबू कोस ताटली झाकून घेऊन आल्या: नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात आणि फणसाची भाजी. दारातच म्हणाल्या, "तान्पा तरासी."

दोन ठिकाणचे कार्यक्रम चुकवू नका. बुधवारी सकाळी मांकुनगरान राजवाड्याच्या पेंडोपोत नाचाचा सराव असतो. पेंडोपो म्हणजे आपला मंडपच, शब्दही त्याच घरातला. आणि रात्री श्रीवेदारी बागेतलं 'वायांग ओरांग', माणसांनी केलेलं महाभारत. शंभरहून जास्त वर्षं चालू असलेली ही मंडळी, तिकीट तेव्हा १० हजार रुपिया, आपले पन्नास. भाषा कळत नव्हती तरी गोष्ट कळायची. भीम तिथे 'वर्कुदोरो', म्हणजे वृकोदर. पण मधेच श्रीकांडी आली, धनुष्य घेतलेली देखणी बाई, आणि ती अर्जुनाची बायको निघाली! आपला शिखंडी. द्रौपदी तिथे एकट्या युधिष्ठिराची. मध्यंतरात मी पाकांना आपली गोष्ट सांगितली, पाच नवरे वगैरे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमच्याकडे फार गुंतागुंत आहे."

काही मैफिली महिन्याच्या तारखेवर नसतात. जावामध्ये सात वारांबरोबर पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो, दोन्ही जुळून तोच दिवस ३५ दिवसांनी परत येतो. "पुढची कधी?" विचारलं की तारीख नाही, दोन वारांची जोडी सांगतात. तारखेत करून घ्या, नाहीतर मी गेले होते तसे अंधाऱ्या ओसरीवर पोचाल.

आमची शेवटची मैफल २९ जूनला, सांगारच्या ओसरीवर. अशा बैठकीला क्लेनेंगान म्हणतात. रात्री साडेआठला सुरू होते, मध्यरात्र उलटते. मधून चहा नि खाऊची तबकं फिरतात, वाजवणारे एकमेकांशी बोलतात, लवंगेच्या विड्यांचा वास, आणि टाळ्या कुणी वाजवत नाही. सुरुवातीला विलुजेंग झालं, त्या शब्दाचा अर्थच क्षेमकुशल. मी सारोनवर. साडेदहाला पाकांनी मानेने खूण केली: गोंग. आणि रचनेचं नाव घेतलं: पुष्पवर्ना. मांकुनगराचे चौथे राजे, त्यांच्या काळातली, राजा आत येताना वाजणारी. हिच्यासाठी मी आलेय, हे त्यांना पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं. पाच महिन्यांत ते त्यावर एकदाही बोलले नव्हते.

केतावांगमध्ये सोळा ठोके. डाव्या हाताचा तळवा गोंगाच्या कडेला, उजव्यात कापडाने गुंडाळलेला जड गोळा. गोंग एवढा मोठा की मागे बसलेली मी समोरच्यांना दिसत नव्हते. ते बरंच झालं. मोजलं नाही. रबाबावर सूर उतरत आला, गाणाऱ्या बाईंचा आवाज त्याच्या मागून, बारा, मग सगळ्यांचे हात जड व्हायला लागले तसे कळलं. सोळावा गेला. केसभर थांबले. टेकवला. आवाज येण्याआधी तळहाताला आला. मग जमिनीतून.

पुढची तीस-पस्तीस आवर्तनं तशीच. एकदा चुकले, चौदाव्यावर हात उचलला होता, पण टेकवला नाही. संपल्यावर रबाबवाल्या आजोबांनी वळून माझ्यापुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवली. लगेच पुढची रचना सुरू झाली, गोंगावर दुसरं कुणी बसलं.

४ जुलैला निघाले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिन्ही मुदतवाढींचे शिक्के पानं उलटून मोजले आणि विचारलं, "सोलोत पाच महिने काय केलंत?" मी म्हटलं, "कारावितान." गामेलान वाजवणं. त्याने शिक्का मारला. सगळा हिशेब मांडला तर विमान, व्हिसा, मुदतवाढी, खोली, खाणं, शिकवणीचे तासाला ८० हजार रुपिया आणि साडेचार लाखांची जुनी सायकल धरून आपले एक लाख चाळीस हजार गेले. सायकल निघताना फ्रेंच मुलीला दिली.

मिरजेला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या गुरुजींकडे बसले. तीनताल, साधा ठेका. दोन आवर्तनांनंतर त्यांनी हात वर केला. "सोळाव्या मात्रेवर कसला जोर देतेस गं? 'धा' पुढे आहे."

"माहितेय," मी म्हटलं. "जरा दम धरा, येते."

ते पेटीवर लेहरा धरून बसून राहिले.